काशीरामच्या हातातला नारळ

सोमवारी सकाळी काजू कारखान्याच्या फाटकावर सावित्रीचा अंगठा दुसऱ्यांदा वारला.

निदान तिला तरी तसंच वाटलं. हजेरीच्या मशीनवर तिने रोजच्यासारखा अंगठा टेकवला, तर हिरव्याच्या जागी तांबडा दिवा लागला आणि मशीनमधली बाई इंग्रजीत काहीतरी कुरकुरली. सावित्रीने अंगठा पदराला पुसला, त्यावर फुंकर मारली, पुन्हा टेकवला. पुन्हा तांबडा. मागे रांगेत नम्रता होती. एकाच टेबलावर समोरासमोर बसून दोघींनी इतकी वर्षं काजू कापले होते, की एकीला शिंक आली तर दुसरी रुमाल काढी.

"बघ गो नम्रता, गेला वाटतं परत," सावित्री म्हणाली आणि अंगठा तिच्या नाकासमोर धरला.

नम्रताने तो उन्हात तिरका करून पाहिला. रेषा होत्या. चांगल्या ठसठशीत, लाटांसारख्या.

पहिल्यांदा तो वारला तेव्हा मात्र खरोखरच वारला होता. काजूच्या टरफलात जे तेल असतं ते अंगाला लागलं की कातडी जाळतं. त्या काळी कारखान्यात हातमोजे नव्हते. पायाने पट्टी दाबायची, हाताने दांडा ओढायचा, पात्यांमध्ये बी फुटली की गर टोकरून काढायचा, असं दिवसभर. सावित्रीचे हात कोळशासारखे काळे झाले आणि बोटांची सालं निघाली. भाकरीचं पीठ मळलं तर काथवटीचीही साल निघायची म्हणे, आणि घरची मांजर तिच्या हातचं दूध प्यायच्या आधी ताटलीभोवती तीन फेऱ्या मारून विचार करायची. पण खरा घोळ झाला रेशन दुकानात. तिथल्या मशीनवर दुकानदाराने तिची दहाही बोटं आळीपाळीने लावून पाहिली आणि शेवटी मान हलवली.

"सावित्रीबाय, मशीन म्हणतंय तुमी नाय."

"मी नाय? मग हा तांदूळ न्यायला आलंय कोण, माझं भूत?"

"भुताला तांदूळ द्यायचा नियम नाय ओ."

अशी सावित्री जिवंतपणी सरकारदरबारी नाहीशी झाली. तो धक्का ती कधी विसरली नाही.

ती परत जगात आली ती युनियनमुळे. आणि युनियन कशी झाली ते रत्नागिरीच्या बाहेर कोणाला सांगितलं तर खोटं वाटतं.

झालं असं, की ठाण्याची कंपनी बंद पडल्यावर दीपक गावी आला आणि ह्याच कारखान्यात भट्टीवर लागला. मुंबईकडे युनियनचं काम केलेला माणूस. आल्या आल्या म्हणाला, आपली युनियन हवी. सगळे म्हणाले, हवी. म्हणाला, शेठकडे मागण्या करू. सगळे पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागले. कारण मालक गंगारामशेठ हा काही परका नव्हता. मालगुंडकडचा माणूस, बापाने डोक्यावर पाटी घेऊन काजूगर विकलेला. कामगाराच्या घरी लग्न असलं की पंगतीला मांडी घालून बसायचा, भात दोनदा मागून घ्यायचा. अशा माणसाच्या तोंडावर "हातमोजे द्या" म्हणायचं कसं? त्यापेक्षा हात जळलेले बरे, असं सगळ्यांना वाटे.

तेव्हा बॉयलरवरचा काशीराम बोलला. "आमाला मागायचं एकाकडंच ठाव हाय. देवाकडं."

ह्या काशीरामच्या घराण्याकडे गावात गाऱ्हाणं घालायचा मान. हातात नारळ धरून देवासमोर उभं राहायचं, गावाच्या वतीने एकेक मागणं मोठ्याने बोलायचं आणि प्रत्येक मागण्याला मागच्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, शेवटी नारळ फोडायचा. कोकणात पोर बोलायला शिकतं ते आधी हे शिकतं. आणि काशीरामचा आवाज तर असा, की तो सुरू झाला की माडावरचे पिकले नारळ आपणहून खाली येतात. वारा बरा असला तर आंजर्ल्याच्या कड्यावरचा गणपतीही कान हलवतो असं सांगतात, आणि त्याचे कान काही लहान नाहीत.

फाटकाबाहेर सुरंगीच्या झाडाखाली राखणदाराचा दगड आहे. राखणदार म्हणजे त्या जागेचा देव, कातळावरचा मूळ रहिवासी. कारखाना बांधताना हा दगड हलवायला जेसीबी आणला होता. जेसीबीचे दात पडले. दुसरा आणला, त्याच्या ड्रायव्हरलाच ताप भरला. शेवटी शेठने भिंत वळवली. म्हणून आजही ती कंपाउंडची भिंत तिथे पोटात कळ आल्यासारखी वाकलेली दिसते.

तर त्या दगडासमोर काशीरामने पहिलं गाऱ्हाणं घातलं. मागे सगळे कामगार. नेमकी शेठची गाडी आली. चालू गाऱ्हाण्यासमोरून गाडी पुढे काढील असा माणूस ह्या मुलखात जन्माला आलेला नाही. शेठ उतरला, चपला काढल्या, हात जोडून मागे उभा राहिला.

"बा राखणदारा," काशीराम गर्जला, "ही तुजी लेकरां तुज्यासमोर हुबी हायत. ह्या बायकांच्या हातांची काजूच्या तेलान राख झाली. तेंच्या हातांस हातमोजं मिळूं देत, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

त्यात सगळ्यांत खणखणीत आवाज गंगारामशेठचा होता.

सगळे वळून पाहू लागले. शेठचं तोंड अजून उघडंच होतं. आपल्या तोंडून काय गेलं हे त्याच्या ध्यानात येईपर्यंत काशीराम पुढे निघालेला. संडासांना कड्या बसूं देत. व्हय म्हाराजा. पंखे फिरूं देत. व्हय म्हाराजा. गौरी-गणपतीची रजा पगारी मिळूं दे. शेठ घामाघूम झाला होता, पण लहानपणापासून वळण लागलेलं तोंड. मन नको म्हणत होतं आणि जीभ व्हय म्हणत होती. नारळ फुटला. देवासमोर दिलेला शब्द कोण मोडणार? त्या आठवड्यात हातमोजे आले.

आणि वर्षभराने सावित्रीचा अंगठा उगवला. खरंच उगवला, पावसाळ्यात कातळावर गवत यावं तसा, बारीक बारीक रेषांनी. रेशन दुकानात मशीनने हिरवा दिवा दिला तेव्हा दुकानदार म्हणाला, "आलात वाटतं परत?"

"युनियनने आणली," सावित्री म्हणाली.

तेव्हापासून युनियन म्हणजे सावित्रीचं माहेर. वर्गणी पहिली तिची. कोणी बाई आजारी पडली तर डबा तिचा. कोणाला सुपरवायझर वेडंवाकडं बोलला तर त्याच्या केबिनच्या दारात कमरेवर हात ठेवून सावित्री उभी. आणि गाऱ्हाण्याला बायकांमधला पहिला "व्हय म्हाराजा" तिचा.

कारण पुढे सगळं गाऱ्हाण्यानेच व्हायला लागलं. दीपकने सुरुवातीला एकदोनदा रीतसर सभा घेऊन पाहिली. हात वर करा म्हणाला, तर पहिला हात कोणी वर करीना. सगळे शेजाऱ्याच्या काखेकडे बघत बसले. त्यापेक्षा हे सोपं. दीपक काशीरामच्या मागे उभा राहून त्याच्या कानात एकेक मागणं सांगे आणि काशीराम ते गर्जून देवाला सांगे. काशीरामच्या कानापासून तोंडापर्यंतचा रस्ता म्हणजे विनाथांबा एसटी. मधे डोकं नावाचं गाव लागतं, पण गाडी तिथे थांबत नाही.

तर आता फाटकावरचा तो सोमवार. सावित्री झाली, नम्रता झाली, कटिंगच्या खात्यातल्या साऱ्या बायकांचे अंगठे लावून झाले. सगळ्यांना तांबडा. भट्टीवरचे, पॅकिंगमधले पुरुष मात्र टुकटुक हिरवे होऊन आत जात होते, आणि जाताना बायकांकडे बघत नव्हते.

वॉचमनने खाकरून घसा साफ केला. "सावित्रीबाय, उगाच अंगठा झिजवू नका. कटिंगचं खातं बंद झालं. मशीन आलंय. तुमची नावं उतरवली."

"कोणी उतरवली?"

"शनिवारी ठरलं ना, युनियनचं नि शेठचं."

"युनियनचं? युनियनमध्ये तर मी आहे. मला कोणी विचारलं?"

वॉचमन गोंधळला. "असं काय करता? माझ्यासमोर झालं. काशीराम बोलला, कटिंगचं काम मशीनवर जाऊं दे, तिथल्या बायका आपापल्या घरी सुखरूप जाऊं देत, रे म्हाराजा. तुमी व्हय म्हटलंत. सगळ्यांत मोठा आवाज तुमचा."

सावित्री फाटकाच्या कट्ट्यावर मटकन बसली.

"मी पण म्हटलं का हो?" नम्रताने हळूच विचारलं.

"म्हटलंत. पण हळू."

सावित्री शनिवारची संध्याकाळ आठवू लागली. काशीरामचा आवाज आठवत होता. सुरंगीचा वास आठवत होता. शेजारीण बांगडे आणणार होती, ते नुसते तळावे की तिरफळं घालून त्यांचं तिखलं करावं, हा विचार आठवत होता. आणि त्या विचाराच्या वर, पाण्यावर पान तरंगावं तसा, आपलाच आवाज आठवत होता. व्हय म्हाराजा. व्हय म्हाराजा. त्यातला कितवा तो होता, तेवढं मात्र काही केल्या आठवेना. अंगावरून पाल गेल्यासारखं तिला झालं. माणूस झोपेत बोलतो ते ठीक. आपण उभ्याने, जागेपणी, देवासमोर, आपलं पोट आपल्या हाताने कापून दिलं होतं. घरी तिच्या एकटीचा पगार येत होता. नवरा हेदवीजवळ होडी उलटून पाय जायबंदी करून घरी बसलेला.

दीपक आतून लगबगीने आला. त्याच्या कपाळाला आधीच गुलाल होता. आत शेडमध्ये नवं मशीन झेंडूच्या माळा घालून नवऱ्या मुलासारखं बसलेलं दिसत होतं.

"काकी," तो म्हणाला, "मी आज संध्याकाळी तुमच्या घरी येणारच होतो."

"घास काढून घेतल्यावर पाणी पाजायला?"

"ऐका तरी. शेठ सगळाच कारखाना बंद करून बेळगावकडे जायला निघाला होता. तिकडे मशीनवर काजू फुटतो, माणसं निम्मी लागतात. मी भांडभांडलो तेव्हा कुठे कबूल झाला, की कटिंग मशीनवर नेऊ आणि बाकी सगळ्यांना ठेवू, पगारही वाढवू. एक फांदी तोडली काकी, झाड वाचवलं."

"मग ते शनिवारी मला का नाय सांगितलंस?"

"सांगितलं की. काशीरामच्या तोंडून."

"मला सांगितलं असतंस," सावित्री शांतपणे म्हणाली, आणि तिचा शांतपणा ऐकून नम्रता दोन पावलं मागे सरली, "तर मी तुला शिव्या घातल्या असत्या. तुझ्या दारात येऊन बसले असते. शेठशी भांडले असते. आणि शेवटी नाइलाज असता तर कदाचित गेलेसुद्धा असते. पण मेल्या, तू मला माझ्याच तोंडून घालवलंस."

दीपक घड्याळाकडे बघून म्हणाला, "पूजेची वेळ झाली," आणि फाटकाबाहेर राखणदाराकडे वळला. मशीन सुरू करायचं तर आधी गाऱ्हाणं हवंच. शेठ आला, चपला काढून उभा राहिला. आतले सगळे कामगार बाहेर आले. मशीन बसवायला कोल्हापूरहून आलेला इंजिनीअरसुद्धा गंमत बघायला येऊन उभा राहिला. काशीरामने नारळ हातात घेतला. बायका तिथेच होत्या. कारखान्याच्या फाटकाआड त्यांना जाता येत नव्हतं, पण राखणदार फाटकाबाहेरचा. तिथे अंगठा लागत नाही.

"बा राखणदारा," काशीराम सुरू झाला, आणि रस्त्यापलीकडच्या माडावरून एक नारळ धप्पकन पडला. "आज तुज्या जागंत नवीन मशीन आलंय, तेच्यावर तुजी नजर असूं दे, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तेची पाती बिनतक्रार चालूं देत, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तेच्या येण्यान ह्या कारखान्यात समद्यांचं भलं होऊं दे, रे म्हाराजा."

"व्हय…"

"नाय म्हाराजा."

आवाज काही मोठा नव्हता. पण तो शब्द राखणदारासमोर आजवर कोणी उच्चारला नव्हता. राखणदारासमोरच कशाला, कोकणातल्या कुठल्याही देवासमोर, कुठल्याही गाऱ्हाण्यात, बापजाद्यांच्या काळापासून कोणी उच्चारला नव्हता. पुरुषांचा अर्धा "व्हय" हवेतच लोंबकळत राहिला. सुरंगीवर कावळे बसले होते, ते उडायचं विसरले. त्यातला एक तर फांदीवरून घसरला आणि खाली पडता पडता त्याला पंख आठवले. वॉचमनच्या तोंडातलं पान गिळलं गेलं. शेठने डोळे गच्च मिटून घेतले, वीज पडायची वाट बघत असल्यासारखे.

वीज पडली नाही.

काशीराम मागे वळला. "कोण बोललं?"

"मी," सावित्री म्हणाली. बोलली खरी, पण तिचेच पाय थरथरत होते. तो शब्द आपल्याला येतो हे तिलाही त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

"असं बोलत नाय गो कोण."

"समद्यांचं भलं म्हणालास. आमचं नाय झालं. देवासमोर खोटं कसं बोलू?"

दीपक घाईने म्हणाला, "काशीरामदादा, तुम्ही पुढे चला. नारळ फोडा."

"कसा फोडू?" काशीराम कळवळला. "समद्यांचं व्हय आल्याबिगर नारळ फुटत नाय. नि हातात घेतलेला नारळ फोडल्याबिगर खाली ठेवता येत नाय."

आता पंचाईत बघा. नारळ फुटत नाही तोवर मशीन सुरू होत नाही. शेठने इंजिनीअरला खूण केली, चल, तू बटण दाब. कोल्हापूरचा गडी, त्याला आमच्या राखणदाराचं काय, असं शेठला वाटलं. पण त्याने वाकडी भिंत बघितली, जेसीबीची गोष्ट त्याला चहाबरोबर कोणीतरी सांगितलेली होती, आणि त्याने हात पाठीमागे बांधले. "बटणाचं काम माझं नाही साहेब, मी फक्त नटबोल्टचा."

ऊन चढलं. कातळ तापला. काशीराम नारळ धरून उभा. त्याचे हात कापू लागले तसे दोघांनी दोन्हीकडून त्याचे कोपर धरले. त्याला पाणी पाजलं ते तिसऱ्याने, नाकावरची माशी हाकलली ती चौथ्याने. नारळाची शेंडी उन्हाने वाळून कुरकुरीत झाली. आणि ह्या काशीरामच्या चारी बाजूंनी भांडण पेटलं. इतक्या वर्षांत युनियनची खरी सभा झाली असेल तर ती ही.

भट्टीवरचा एकजण म्हणाला, "काकी, तुमच्यापायी आमची वाढ जाईल."

"जाईल. मला हातमोजे हवे होते तेव्हा तुला हातमोजे लागत होते काय? तरी आलास ना उभा राहायला?"

"तवाची गोष्ट येगळी."

"कशी वेगळी, सांग ना."

दुसरा म्हणाला, युनियन म्हणजे बहुमत, बहुमताचं ऐकायला हवं. नम्रताने कधी नव्हे ते तोंड उघडलं, "बहुमत कशावर? कान तर कोणाचाच जागेवर नव्हता." दीपक म्हणाला, ह्या काकींना फूट पाडायचीय. मग पुरुषांपैकीच एकाने विचारलं, की शेठ बेळगावला जाणार हे तरी आम्हाला कुठे ठाऊक होतं? आम्हाला तर तू नुसती पगारवाढ सांगितलीस. दीपक त्याच्याकडे वळला, आणि मग कोण कोणाशी भांडतंय हेच कळेना.

सावित्री मात्र काशीरामसमोर जाऊन उभी राहिली. "काशीराम, शनिवारचं गाऱ्हाणं तू कसं संपवलंस?"

"कसं म्हंजे? रोज संपवतंय तसं."

"बोलून दाखव."

काशीरामला दुसरं काही येत असतं तर तो बोलला नसता. पण त्याने डोळे मिटले, मान वर केली आणि शनिवारी जसा गर्जला होता तसाच गर्जला, "बा राखणदारा, ह्यात आमचं काय चुकलं-माकलं असंल तर पदरात घी, नि सुधारून घी, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. भट्टीवरचे म्हणाले, पॅकिंगवाले म्हणाले, दीपक म्हणाला. कोल्हापूरचा इंजिनीअर सकाळपासून ऐकून ऐकून शिकला होता, तोही म्हणाला. आणि सगळ्यांत खणखणीत आवाज होता गंगारामशेठचा.

शेठने तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता.

"झालं तर," सावित्री म्हणाली. "चुकलं असेल तर सुधारायचं, हे शनिवारीही कबूल झालं आणि आत्ताही. आता काय चुकलंय ते सांगते. नवीन माणसं आणून मशीनवर बसवणार आहात ना? बी कशी फुटते ते आम्हाला ठाऊक आहे. आम्हाला बसवा."

शेठने दगडाकडे बघितलं आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "ह्या तोंडाने मला दोनदा लुबाडलं." पण मान डोलावली, आणि काशीरामच्या हातातला नारळ एकदाचा फुटला.

उगाच गोड सांगायचं तर सगळ्याजणी मशीनवर बसल्या असं सांगता येईल. तसं झालं नाही. मशीनला तेवढे हात लागतच नव्हते. पाळ्या लावून अर्ध्याअधिक बायका राहिल्या, काहीजणी पॅकिंगमध्ये सामावल्या, आणि वयाने मोठ्या होत्या त्या हिशेब घेऊन घरी गेल्या. त्यांतल्या दोघी सावित्रीशी अजून बोलत नाहीत. पुरुषांची पगारवाढ पुढे ढकलली गेली. काशीरामने शिमग्यापर्यंत सावित्रीशी अबोला धरला, आणि देवाची पालखी तिच्या दारी आली तेव्हा तो ढोलाच्या मागे लपला. दीपकला काही दिवस कोणी चहा विचारला नाही. मग गणपतीच्या रजेत एकाचा पगार कापला गेला तेव्हा सगळे पुन्हा त्याच्याकडेच गेले, कारण शेठशी बोलावं कसं ते त्यालाच येत होतं. पण युनियनची सेक्रेटरी आता सावित्री होती. फाटकावरचं मशीन तिला रोज हिरवा दिवा देत होतं.

आंब्याला मोहोर आला, काजूचा सीझन तोंडावर आला, तसं सावित्रीच्या मनाने घेतलं की शेठ यंदा बाहेरच्या बायका सीझनपुरत्या भरणार, त्यांना मशीन शिकवणार आणि मग हळूच आम्हाला बाजूला सारणार. एकदा बसलेला चटका. ती बेसावध राहणार नव्हती. तिने काशीरामला गाऱ्हाणं घालायला लावलं, आणि ह्या खेपेला त्याच्या कानाशी ती उभी होती.

"सीझनच्या बायकांस मशीनला हात लावूं देऊ नको, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तेंस युनियनमंदी घेऊं देऊ नको, रे…"

"नाय म्हाराजा."

सावित्रीला आधी वाटलं आपल्याच कानात काहीतरी झालं. मग तिने वळून पाहिलं. नम्रता होती. तिचे पाय थरथरत होते, अगदी सावित्रीचे थरथरले होते तसेच.

"तू?" सावित्री म्हणाली.

"त्यांना हातमोजे कोण मागून देणार?" नम्रता म्हणाली. "त्यांचे अंगठे गेले तर?"

सावित्रीने उजव्या हाताचा अंगठा नकळत पदरात लपवला.

काशीरामने लांब उसासा टाकला. त्या सोमवारच्या दुपारनंतर तो गाऱ्हाण्याला येताना नारळाबरोबर घरून एक स्टूलही आणायला लागला होता. ते त्याने पायाने पुढे ओढलं, त्यावर नीट बसला, नारळ मांडीवर घेतला आणि म्हणाला, "बोला, बायांनो. आज कोणाला घाई नाय."